चार लाख एकवीस हजारांच्या घरात

पूर्ण संख्येचे विभाजक शोधणे, तिच्या पटींची मालिका लिहिणे आणि ती मूळ आहे की संयुक्त हे ठरवणे, या तिन्ही गोष्टी शालेय गणितात एकापाठोपाठ येतात, एकाच धड्यात आटोपतात आणि बहुतेकांच्या मनात एकाच प्रश्नाची तीन रूपे म्हणून राहतात. प्रत्यक्षात 'ही संख्या मूळ आहे काय' आणि 'हिचे विभाजक कोणते' हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. लहान संख्यांच्या बाबतीत एकाच रीतीने दोन्हींची उत्तरे मिळतात म्हणून त्यांच्यातील अंतर जाणवत नाही, परंतु संख्या जसजशी मोठी होते तसतसे हे अंतर रुंदावत जाते आणि शेवटी एक प्रश्न संगणकाला क्षणात सुटणारा, तर दुसरा वर्षानुवर्षे न सुटणारा ठरतो. हे अंतर कोठे आणि का पडते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

विषय समजण्यासाठी उदाहरणे हवीत, आणि ती पाठ्यपुस्तकातली नकोत. २४, ३६, ६० या संख्या पुस्तकात येतात त्या मुळातच भरपूर विभाजक असलेल्या म्हणून. त्यांच्यावर कोणतीही रीत चालवली तरी ती यशस्वी होते आणि रीतीची खरी परीक्षा होत नाही. ज्या संख्या अंकगणिताचा काहीही विचार न करता ठरवल्या गेल्या, अशा संख्या घ्याव्यात, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील प्रत्येक घराच्या पत्त्यावर तशी एक संख्या लिहिलेली असते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली होती. पहिला अंक टपालाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल-छाननीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक वाटपाची कचेरी दाखवतात. या परिसराच्या वाट्याला ४२१ हे अंक आले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नाव उल्हासनगर ठेवले गेले, आणि ज्या गावात छावणीचे पाच भाग आजही लोकांच्या तोंडी 'कॅम्प नंबर एक' ते 'कॅम्प नंबर पाच' म्हणून आहेत त्या गावाला टपालखात्याने ४२१००१ ते ४२१००५ हे क्रमांक दिले. डोंबिवलीला ४२१२०१, कल्याणला ४२१३०१, अंबरनाथला ४२१५०१ आणि बदलापूरला ४२१५०३ मिळाला. हे आकडे वाटताना कोणीही त्यांचे अवयव पाडून पाहिलेले नसणार, आणि म्हणूनच ते परीक्षेला योग्य आहेत.

प्रथम व्याख्या. एका पूर्ण संख्येने दुसरीला भागले असता बाकी शून्य उरली, तर पहिली संख्या दुसरीची विभाजक आणि दुसरी पहिलीची विभाज्य, म्हणजेच पट, होय. संबंध एकच, फक्त तो दोन टोकांकडून पाहिला जातो. मात्र या दोन टोकांच्या स्वभावात फार फरक आहे, कारण कोणत्याही संख्येचे विभाजक मोजके असतात आणि पटी अनंत असतात, आणि पटी लिहिणे नुसत्या बेरजेचे काम आहे, तर विभाजक शोधणे हे शोधण्याचेच काम आहे. पटींचा व्यवहारातील उपयोग बाजारपेठेच्या गावाला वेगळा सांगायला नको. समजा एखाद्या जीन्सच्या कारखान्यात माल २८, ३०, ३२, ३४ आणि ३६ अशा पाच मापांच्या सेटने बांधला जातो आणि घाऊक व्यापारी मागणी मात्र डझनाने नोंदवतो. सेट न फोडता आणि डझन अपुरे न ठेवता माल द्यायचा तर नगांची संख्या ५ चीही पट हवी आणि १२ चीही, म्हणजे ती किमान ६० हवी, आणि हाच ५ व १२ यांचा लघुतम सामाईक विभाज्य, अर्थात लसावि.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः एवढे दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या, आणि ज्या संख्येला त्याहून अधिक असतात ती संयुक्त. १ या संख्येला एकच विभाजक असल्याने ती दोन्हींत मोडत नाही, आणि तिला बाहेर ठेवण्यामागे सोय आहे: प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात, क्रम सोडला तर, एकाच प्रकारे मांडता येते हा अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत आहे, आणि १ ला मूळ मानले तर हवे तितके एक गुणत बसता येईल व हा एकमेवपणा नाहीसा होईल.

विभाजक शोधताना कोठे थांबावे हा पहिला खरा प्रश्न आहे. विभाजक नेहमी जोडीने येतात. एखादी संख्या दिलेल्या संख्येला भागत असेल तर भागाकारही तिला भागतो, आणि जोडीतील दोघेही दिलेल्या संख्येच्या वर्गमुळाहून मोठे असू शकत नाहीत, कारण तसे झाले तर त्यांचा गुणाकार त्या संख्येच्या पलीकडे जाईल. म्हणून वर्गमुळापर्यंत शोध घेतला की पुरे, आणि तेथपर्यंतही फक्त मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. येथे डोंबिवलीचा क्रमांक मोठा मासलेवाईक निघतो. ६४९ चा वर्ग ४२१२०१ आहे. म्हणजे टपालखात्याने नकळत डोंबिवलीला पूर्ण वर्गसंख्या देऊन टाकली. ६४९ म्हणजे ११ × ५९, त्यामुळे ४२१२०१ = ११ × ११ × ५९ × ५९, आणि तिचे विभाजक १, ११, ५९, १२१, ६४९, ३४८१, ७१३९, ३८२९१ आणि ४२१२०१ असे नऊ आहेत. विभाजकांची संख्या विषम येते ती केवळ वर्गसंख्यांच्या बाबतीत, कारण मधल्या ६४९ ची जोडी त्याच्या स्वतःशीच लागते. व्याख्यानाच्या दृष्टीने आणखी एक सोय झाली: या परिसरातील प्रत्येक क्रमांकाचे वर्गमूळ ६४९ च्या आसपासच आहे, म्हणून प्रत्येकाचा शोध तेथेच थांबवता येतो.

२, ३ आणि ५ यांच्या कसोट्या सर्वांना पाठ असतात. ७, ११ आणि १३ यांच्या मात्र बहुतेक जण विसरतात किंवा त्यांना त्या कधी शिकवल्याच जात नाहीत, आणि ही उणीव भरून काढण्याजोगी आहे, कारण तिघांसाठी मिळून एकच कसोटी पुरते. ७ × ११ × १३ = १००१. एखाद्या सहा अंकी संख्येतून तिच्या पहिल्या तीन अंकांनी झालेल्या संख्येची १००१ पट वजा केली, तर उरते ती शेवटच्या तीन अंकांची आणि पहिल्या तीन अंकांची वजाबाकी. १००१ ला ७, ११ आणि १३ यांनी भाग जातो, म्हणून दिलेल्या संख्येला यांपैकी कोणाचा भाग जातो हे त्या लहानशा वजाबाकीवरूनच कळते. येथे पहिले तीन अंक सगळीकडे ४२१ च असल्याने काम तोंडी होते. ४२१००१ साठी ४२१ वजा १ म्हणजे ४२०, याला ७ ने भाग जातो, ११ व १३ ने जात नाही. ४२१००३ साठी ४१८, याला ११ ने जातो. ४२१००५ साठी ४१६, याला १३ ने जातो. डोंबिवलीसाठी २२०, पुन्हा ११. कल्याणसाठी १२०, अंबरनाथसाठी ८० आणि बदलापूरसाठी ८२ उरतात, व या तिघांनाही ७, ११, १३ यांपैकी कोणाचाच भाग जात नाही.

पुढचे काम चिकाटीचे आहे, त्याचा निकाल तेवढा सांगावा. ४२१००१ = ७ × १३७ × ४३९. ४२१००२ = २ × ३ × ३ × १९ × १२३१. ४२१००३ = ११ × ३८२७३, आणि हा दुसरा अवयव मूळ आहे. ४२१००४ = २ × २ × १०५२५१, येथेही शेवटचा अवयव मूळ. ४२१००५ मात्र फुटत फुटत ३ × ५ × १३ × १७ × १२७ पर्यंत जाते, आणि पाच वेगवेगळे मूळ अवयव असल्याने तिचे विभाजक ३२ होतात, कारण प्रत्येक मूळ अवयव विभाजकात घ्यायचा किंवा वगळायचा असे दोन पर्याय पाच वेळा मिळतात. एकाला लागून एक असलेल्या या पाच संख्यांची रचना इतकी निरनिराळी असावी याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. दोन संख्यांना सामाईक असलेला विभाजक त्यांच्या वजाबाकीचाही विभाजक असावाच लागतो, आणि येथे वजाबाकी चाराच्या पुढे जातच नाही. म्हणून ४२१००२ व ४२१००४ यांच्यात २, आणि ४२१००२ व ४२१००५ यांच्यात ३, एवढेच नाते शक्य होते. बाकीच्या सर्व जोड्या सहमूळ आहेत, म्हणजे त्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. शेजारी असणे आणि नातलग असणे यांचा संख्यांच्या जगात जवळजवळ विरोधच आहे. युक्लिडने महत्तम सामाईक विभाजक काढण्याची जी रीत दिली ती वजाबाकीच्या याच गुणधर्मावर उभी आहे, आणि तिला दोन्ही संख्यांचे अवयव माहीत असण्याची गरजच नसते. अवयव पाडून मसावि काढण्याची शाळेतली सवय मोठ्या संख्यांपुढे म्हणूनच निरुपयोगी ठरते.

पटींचा उपयोग उलट दिशेनेही होतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील एराटोस्थेनिसने मूळ संख्या काढण्यासाठी भागाकार केलाच नाही. त्याने संख्या ओळीने मांडून २ च्या, मग ३ च्या, मग ५ च्या पटी खोडत नेल्या, आणि जे उरले ते मूळ. या चाळणीचे सामर्थ्य असे की एकदा एक पट सापडली की पुढच्या सगळ्या नुसते मोजत जाऊन मिळतात. ४२१००१ ही ७ ची पट आहे हे कळल्यावर अंबरनाथच्या क्रमांकाला ७ ने भागण्याची गरज नाही. तो ५०० पुढे आहे, ५०० ला ७ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून ४२१५०१ ची बाकीही ३. मात्र चाळणी सबंध पट्ट्यातल्या मूळ संख्या हव्या असतील तेव्हाच फायद्याची. एकाच संख्येचा निकाल हवा असेल तर ती उधळपट्टी होय.

कल्याणचा क्रमांक ४२१३०१ हा या सगळ्यांत फसवा आहे. त्याला २, ३, ५, ७, ११, १३ यांनी भाग जात नाही, १७ ने जात नाही, ३७ ने जात नाही, १०१ ने जात नाही, आणि शंभराव्या मूळ संख्येपर्यंत, म्हणजे ५४१ पर्यंत, पोचूनही हाती काही लागत नाही. येथवर आलेल्या माणसाने संख्या मूळ असल्याचे गृहीत धरून वही मिटली तर त्याला दोष देता येणार नाही, तरी तो चुकलेला असेल; कारण एकशे दहावी मूळ संख्या ६०१ आहे आणि ६०१ × ७०१ = ४२१३०१. भागून पाहण्याच्या रीतीला ज्या संख्येचे अवयव वर्गमुळाला लागून आहेत ती सर्वांत महाग पडते.

नेमक्या याच ठिकाणी भारतीय गणितातील एक जुनी रीत उपयोगी पडते. नारायण पंडिताने १३५६ साली 'गणितकौमुदी' हा ग्रंथ रचला आणि त्यातील 'भागादान' हे प्रकरण संपूर्णपणे संख्यांचे विभाजक शोधण्याला वाहिले. त्यातील एका रीतीचे तत्त्व असे की दिलेल्या संख्येपेक्षा मोठा असा वर्ग घ्यावा, त्यातून ती संख्या वजा करावी आणि उरलेली संख्या वर्ग आहे काय ते पाहावे. नसल्यास पुढचा वर्ग घ्यावा. बाकी वर्ग निघाली की दिलेली संख्या दोन वर्गांची वजाबाकी होते, आणि दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्यांच्या मुळांची बेरीज गुणिले वजाबाकी. कल्याणच्या क्रमांकावर ती चालवली तर ६५० चा वर्ग ४२२५००, त्यातून ४२१३०१ गेले की ११९९, हा वर्ग नाही. ६५१ चा वर्ग ४२३८०१, त्यातून वजा जाता २५००, म्हणजे ५० चा वर्ग. ६५१ मधून ५० वजा केले तर ६०१, मिळवले तर ७०१. जे काम एकशे दहा भागाकारांनी होत होते ते दोन वजाबाक्यांत संपले. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पिएर द फर्मा याने हीच रीत वापरली आणि जगभरच्या पुस्तकांत ती त्याच्या नावाने येते. मराठी पाठ्यपुस्तकांनी तरी तिच्या आधीच्या तीनशे वर्षांची दखल घ्यायला हरकत नसावी. अर्थात अवयव एकमेकांपासून दूर असले की हीच रीत कंटाळवाणी होते, आणि ४२१००३ वर ती चालवणाऱ्याला ११ आणि ३८२७३ यांची भेट होण्याआधी हजारो वर्ग तपासावे लागतील.

आता अंबरनाथ. ४२१५०१ चे वर्गमूळ ६४९ आणि ६५० यांच्या मध्ये आहे, आणि ६५० च्या आत ११८ मूळ संख्या आहेत. त्या सर्वांनी भागून पाहिले असता एकदाही बाकी शून्य येत नाही. १७ ने भागल्यास बाकी ३, २३ ने भागल्यास पुन्हा ३, ६७ ने भागल्यास ४, २३३ ने भागल्यास ४, ३७३ ने भागल्यास ११; सर्वांत चुटपुट लावणारी बाकी २८१ ची, कारण २८१ × १५०० = ४२१५०० आणि नेम अवघ्या एकाने हुकतो. शेवटच्या ६४७ ने भागल्यावर बाकी ३०४ उरते आणि शोध संपतो. ४२१५०१ ही मूळ संख्या आहे. शके ९८२ चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर ही ज्या गावाची ओळख, त्या गावाच्या पत्त्यावर एक मूळ संख्या उभी आहे हे टपालाच्या शिक्क्याकडे पाहून कोणाच्या ध्यानात येणार नाही. बदलापूरच्या ४२१५०३ चे अंक मिळवले तर १५ होतात, म्हणून ३ ने भाग जातो, आणि पुढे ३ × १०९ × १२८९ अशी फोड मिळते. या घरात मूळ संख्या दर तेरा संख्यांत सरासरी एक एवढ्या विरळ असतात. हे प्रमाण संख्येच्या नैसर्गिक लॉगरिदमवरून निघते आणि त्याची सिद्धता १८९६ साली आदामार आणि द ला वाले पूसँ यांनी स्वतंत्रपणे दिली. वर घेतलेल्या नऊ क्रमांकांत एक मूळ निघावा, यात म्हणून नवल नाही.

डोंबिवलीचा उल्लेख झाला आहे तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना टाळून पुढे जाता येत नाही. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला जन्मलेले, ठाण्याला शालेय शिक्षण झालेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षकी केलेले कापरेकर ६१७४ या स्थिरांकामुळे जगप्रसिद्ध झाले. १९७५ साली मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिल्यावर देशातही त्यांच्याकडे लक्ष गेले. मात्र विभाजकांच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर गाडी बदलताना त्यांना एका संख्याप्रकाराची कल्पना सुचली, आणि स्थानकाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले. १६५, २५५३, ४७७७३ या अशा संख्या आहेत: पहिल्या व शेवटच्या अंकांची बेरीज मधल्या प्रत्येक अंकाइतकी. गंमत म्हणून मांडलेली वाटावी अशी ही व्याख्या प्रत्यक्षात पटींची आहे, कारण १६५ = ११ × १५, २५५३ = १११ × २३ आणि ४७७७३ = ११११ × ४३, म्हणजे या सर्व एकाच अंकाच्या पुनरावृत्तीने झालेल्या ११, १११, ११११ अशा संख्यांच्या पटी आहेत. या एकांच्या माळा वरून एकसारख्या दिसतात आणि आतून अजिबात तशा नसतात. ११ मूळ आहे; १११ = ३ × ३७; ११११ = ११ × १०१; १११११ = ४१ × २७१; सहा एकांची संख्या ३ × ७ × ११ × १३ × ३७ अशी पूर्ण विस्कटते, आणि सात एकांची २३९ × ४६४९ अशा दोनच तुकड्यांत थांबते. एकांची संख्याच संयुक्त असेल तर माळ संयुक्त असते एवढे सहज दाखवता येते. उलट मात्र खरे नाही, आणि दोन एकांनंतर थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, मग ३१७ आणि १०३१ एकांची माळ मूळ निघते. हे अंतर असेच का, याचे कारण कोणाला माहीत नाही.

कापरेकरांनी ज्यांना 'हर्षद संख्या' हे नाव दिले त्या आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जातात. उल्हासनगर परिसराच्या वरील नऊ क्रमांकांत तशी एकच आहे, ४२१००२: अंकांची बेरीज ९, आणि ९ ने भाग जातो. हार्डी आणि रामानुजन यांच्या संवादामुळे गाजलेली १७२९ हीदेखील हर्षद संख्या आहे, कारण १ + ७ + २ + ९ = १९ आणि १९ × ९१ = १७२९. या १७२९ ची वेगळी खोडी पुढे येईल.

येथपर्यंत दोन प्रश्न एकत्र चालले होते. ते प्रथम स्पष्टपणे वेगळे झाले ते एका एकवीस अंकी संख्येमुळे. २ चा ६७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला तर येणारी संख्या १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही आहे, आणि मेर्सेनने १६४४ साली ती मूळ असल्याचे सांगितले होते. १८७६ साली लुकास या फ्रेंच गणितज्ञाने ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले, पण तिचा एकही विभाजक त्याला सांगता आला नाही, कारण त्याच्या सिद्धतेत विभाजकाचा शोधच नव्हता. ते अवयव १९०३ साली फ्रँक कोल याने दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मधली सत्तावीस वर्षे ही संख्या मोडणारी आहे हे निश्चित माहीत होते आणि कोठे मोडते हे कोणालाच माहीत नव्हते.

हे कसे शक्य होते ते ९१ वर हातानेच करून पाहता येते. फर्माच्या एका प्रमेयानुसार मूळ संख्येने जिला भाग जात नाही अशी कोणतीही संख्या घ्यावी, तिचा त्या मूळ संख्येहून एकाने कमी असलेला घात करावा आणि त्या मूळ संख्येने भागावे, बाकी १ च उरते. ९१ मूळ असती तर २ च्या नव्वदाव्या घाताला ९१ ने भागून बाकी १ उरली असती. २ चा बारावा घात ४०९६, म्हणजे ४५ × ९१ अधिक १, म्हणून बारा-बाराचे गट बाकी न बदलता टाकून देता येतात. नव्वदांतून असे सात गट गेले की सहा उरतात, आणि २ चा सहावा घात ६४. बाकी ६४ आली, १ नाही, म्हणून ९१ संयुक्त. ७ आणि १३ यांचा उल्लेखही करावा लागला नाही. तीच परीक्षा ३ घेऊन केली तर मात्र ३ चा सहावा घात ७२९ म्हणजे ८ × ९१ अधिक १, आणि सहाने नव्वदला भाग जात असल्याने बाकी १ येते. ३ च्या साक्षीवर विसंबले तर ९१ मूळ ठरली असती. साक्षीदार बदलून पाहणे हा त्यावरचा उपाय, पण काही संख्या अशा बेरकी असतात की त्यांच्याशी सहमूळ असलेला प्रत्येक साक्षीदार त्यांच्या बाजूने बोलतो. १७२९ त्यांपैकीच एक आहे. ७ × १३ × १९ अशी उघड फोड असूनही ती या परीक्षेत सुटते.

खोटी साक्ष अजिबात चालणार नाही, नशिबावर काही सोपवले जाणार नाही आणि तरीही काम झटपट होईल, अशी परीक्षा अस्तित्वात आहे काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित होता. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणिंद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या नुकत्याच पदवीधर झालेल्या दोन विद्यार्थ्यांसह त्याचे होकारार्थी उत्तर दिले; २००४ साली त्यांचा निबंध 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये छापला गेला आणि २००६ साली त्याला गोडेल पारितोषिक मिळाले. 'झटपट' याचा अर्थ येथे नेमका आहे: लागणारे टप्पे संख्येच्या आकाराच्या नव्हे, तर तिच्यातील अंकांच्या संख्येच्या ठरावीक घाताच्या प्रमाणात वाढतात. भागून पाहण्याच्या रीतीशी तुलना केली की फरक समजतो. सहा अंकी पिनकोडाला ११८ भागाकार लागले. बारा अंकी संख्येला दहा लाखांच्या आतील ७८,४९८ मूळ संख्या तपासाव्या लागतील. वीस अंकी संख्येला पंचेचाळीस कोटींहून अधिक, आणि शंभर अंकी संख्येपुढे ही रीत बोलण्याच्याही पलीकडे जाते. अवयव शोधण्यासाठी मात्र तितकीच झटपट रीत नेहमीच्या संगणकांवर आजवर कोणाला सापडलेली नाही. रिव्हेस्ट, शामिर आणि एडलमन यांनी १९७७ साली याच विषमतेचा फायदा घेऊन गुप्तलेखनाची आरएसए पद्धती उभारली: दोन मोठ्या मूळ संख्या शोधणे सोपे, त्यांचा गुणाकार जाहीर करणे सोपे, आणि गुणाकारावरून त्या परत मिळवणे अवघड. तिच्या आव्हानांपैकी २५० अंकी संख्येची फोड २०२० साली झाली, तीही अनेक संगणक महिनोन्महिने राबवून.

अंबरनाथच्या क्रमांकाबाबत अजून एक गोष्ट शिल्लक आहे. ११८ भागाकारांनी तो मूळ ठरला, पण पॉकलिंग्टन याने १९१४ साली दिलेल्या विचाराने तेच अत्यंत थोडक्यात सिद्ध होते, आणि त्यासाठी एकाने हुकलेला तो २८१ चा भागाकार कामी येतो. ४२१५०० = २८१ × १५००. २ चा ४२१५०० वा घात घेऊन ४२१५०१ ने भागले तर बाकी १ येते. हा घात प्रत्यक्ष लिहावा लागत नाही, वर्ग करणे, हवे तेथे दुप्पट करणे आणि दर वेळी बाकीच ठेवणे, असे अठरा वेळा केले की पुरे. २ च्या १५०० व्या घाताची बाकी मात्र १ येत नाही, आणि तिच्यातून १ वजा केल्यावर उरणारी संख्या ४२१५०१ शी सहमूळ असते, जे युक्लिडच्या रीतीने तपासता येते. आता ४२१५०१ ला एखादा मूळ विभाजक असेल अशी कल्पना करावी. त्या विभाजकाच्या हिशेबात १५०० वा घात १ नाही, पण त्याचा २८१ वा घात १ आहे, आणि २८१ स्वतः मूळ असल्याने त्या विभाजकातून १ वजा केला की येणारी संख्या २८१ ची पटच असली पाहिजे. म्हणजे तो विभाजक २८२, ५६३, ८४४, ११२५ अशा मालिकेतलाच असला पाहिजे. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ विभाजक ६४९ च्या आत असलाच पाहिजे, आणि या मालिकेत तेवढ्या मर्यादेत दोनच संख्या येतात. २८२ सम आहे, ती बाद. राहता राहिली ५६३; ५६३ × ७४८ = ४२११२४, बाकी ३७७.